मनोहरभाऊंची ताकदीची बाटली

तुम्ही शेवटची लघवी कधी केलीत, आठवतं?

दिवाळी अंक उघडला आणि पहिल्याच ओळीत हे काय, म्हणून तोंड वाकडं करू नका. आठवत नसेल तर तुमच्या किडन्या उत्तम चालल्या आहेत, अभिनंदन. माझ्या पेशंटांना मात्र आठवते. कुठे, कुणाच्या घरी, लग्नाला गेलो होतो की तेराव्याला, सगळं सांगतात. एका काकांच्या तर तो पेट्रोल पंपही लक्षात आहे. पुढे नळ हळूहळू बंद झाला आणि ते आमच्याकडे आले.

मी नागपुरात डायलिसिस टेक्निशियन आहे. लग्नकार्यात माझी ओळख करून देताना नातेवाईक "ही मशीनवर असते" म्हणतात, आणि समोरच्या बाईला वाटतं मीच पेशंट. मग ती माझ्याकडे अशा काही मायेनं बघते की खुलासा करणं जिवावर येतं. काम सांगायला सोपं आहे. किडनी बंद पडलेल्या माणसाच्या हातात दोन जाड सुया टोचायच्या. एकीतून रक्त काढायचं, गाळणीतून फिरवायचं, दुसरीतून परत आत सोडायचं. चारेक तास. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. जन्मभर, नाहीतर कुणी किडनी देईपर्यंत.

रक्तातला कचरा काढणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे पाणी काढणं. तुम्ही प्यायलेलं पाणी बाहेर पडतं. यांचं पडत नाही. चहा, वरण, ताक, सगळं अंगात साठत जातं आणि पायांवर, चेहऱ्यावर, शेवटी फुप्फुसात जाऊन बसतं. म्हणून पेशंट आला की आधी काट्यावर. अंगात फालतू पाणी नसताना भरायला हवं ते त्याचं कोरडं वजन. आजच्या वजनातून ते वजा केलं की कळतं, मशीननं किती पाणी ओढायचं. आमच्या युनिटमध्ये देवाचा फोटो एका कोपऱ्यात होता. काटा मधोमध होता.

आणि काट्यापुढे माणसं खोटं बोलतात. जास्त पाणी ओढलं की पायात गोळे येतात, म्हणून कुणी काट्यावर उभं राहून हळूच भिंतीला टेकतं, कुणी श्वास रोखून धरतं, जणू हवेचंच वजन आहे. एका मे महिन्यात एक आजोबा टम्म फुगून आले. मी विचारलं, "आजोबा, पाणी किती प्यालात?"

"पानी? घोटभर नाही पेलो."

"मग हे काय?"

"टरबूज खाल्लं. टरबूज खानं झालं, पेनं नाही."

अशा लोकांशी रोज भांडावं लागतं. माझी काही तक्रार नाही. मी उमरेडची. बाबा कोळसा खाणीत युनियनचं काम करायचे, घरात पत्रकांचे गठ्ठे पडलेले असायचे आणि मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. भांडण मला चहासारखं लागतं.

आमच्या धंद्यातली खरी धावपळ मात्र जांभईनं सुरू होते. मशीन रक्तातून पाणी ओढत असतं. ओढ जास्त झाली की रक्तदाब घसरतो, आणि घसरण्याआधी पुष्कळांना जांभई येते. घरी कुणी जांभई दिली तर तुम्ही चादर टाकता. मी पळत सुटते. पाय वर घ्यायचे, ओढणं थांबवायचं, थोडं सलाइन सोडायचं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

भागलं नाही तर बाटली. तीच या लेखातली.

ही बाटली स्टार्चची. मक्यापासून किंवा बटाट्यापासून काढलेलं स्टार्च. सुती साडीला आपण खळ करतो, त्याच घराण्यातलं, फक्त ते शिरेत सोडता यावं आणि शरीराला चटकन पचवता येऊ नये म्हणून त्यावर कारखान्यात प्रक्रिया केलेली असते. त्याचे कण मोठे. ते रक्तवाहिनीत बसून राहतात आणि पाणी धरून ठेवतात. पडलेला रक्तदाब बघता बघता वर येतो. पांढराफटक पडलेला माणूस डोळे उघडतो, "काय झालं होतं?" विचारतो आणि चहा मागतो. आमच्या पेशंटांनी तिचं नाव ठेवलं होतं ताकदीची बाटली.

या बाटलीचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे मनोहरभाऊ.

मनोहरभाऊ कळमन्याच्या बाजारात मापाडी. म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवून त्याचं वजन पुकारणारा माणूस. पन्नाशी ओलांडलेली, आवाज सगळ्या यार्डात ऐकू जाईल असा, आणि तोच आवाज आमच्या एसी खोलीत. सोबत बायको, निर्मलाताई. तिच्या हातात कापडी पिशवी. पिशवीत गाळणी, नळ्या, इंजेक्शन आणि औषधाच्या दुकानातून आणलेली ताकदीची बाटली. मनोहरभाऊंचा रक्तदाब नाजूक, दर खेपेला पडायचा. आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, सुरुवातीला सांगितलं होतं, "पडला तर लावा." मग त्याचं "पडतोच, तयार ठेवा" झालं. आणि पुढे कधीतरी, कुणीही न सांगता, सुया टोचल्याबरोबर बाटली स्टँडवर चढायला लागली. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी ती जागा धरून बसायची. कुणी विचारलं तर आम्ही म्हणायचो, "त्यांचं रुटीन आहे ते." दवाखान्यातल्या सगळ्या शब्दांत हा एक शब्द मला शिवीसारखा वाटतो. रुटीन म्हणजे ज्याच्याबद्दल विचार करणं बंद झालं ते.

बाटली अर्धी गेली की मनोहरभाऊ खुलायचे. पलीकडच्या बेडवर विमलकाकू असायच्या, शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, अजून शिट्टीच्या आवाजात बोलणाऱ्या.

"अगा मनोहर, हळू बोल. माह्या मशीनचा अलार्म वाजून राहिला तुह्या आवाजानं."

"काकू, तुमी पन एक बाटली लावून घ्या. मंग तुमचा आवाज पाहा."

"माह्या आवाजाले बाटली नाही लागत."

असं चाललं होतं आणि छान चाललं होतं. फक्त काटा बिनसायला लागला. मनोहरभाऊंचं वजन दर खेपेला थोडं जास्तच भरायचं. आम्ही म्हणायचो, पाणी पिऊन येता. ते म्हणायचे, नाही. मापाड्याला काट्यावर उभं करून खोटं ठरवणं म्हणजे काय असतं ते मी तेव्हा पाहिलं.

"पोरी, काटा तुहा खरा हाय. मी नाही म्हनत नाही. पन पानी मी नाही पेलो."

"मग वजन कुठून आलं, मनोहरभाऊ?"

"ते मले का मालूम? मी मोजनारा हाय, बनवनारा नाही."

निर्मलाताईंनी घरचा माठ उचलून शेजारणीकडे नेऊन ठेवला. पाणी मोजून, औषधाच्या कपानं द्यायला लागल्या. नळाला कुलूप लावता येत नाही याचं त्यांना खरोखर दुःख होतं. वजन तरी जास्तच. मग आम्ही मशीनला अजून ओढायला लावायचो. ओढलं की रक्तदाब पडायचा. पडला की बाटली.

त्यात त्यांचं पोट वाढायला लागलं. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे. अंगाला खाज इतकी की ते बेडच्या कडेवर पाठ घासायचे. बाजारात लोक बोलायला लागले, कारण असं पोट कुणाचं असतं हे सगळ्यांनाच माहीत असतं. दारूवाल्याचं. "मनोहर छुपून लावत असन," असं यार्डातल्या कुणीतरी निर्मलाताईंच्या भावाला सांगितलं. भावानं निर्मलाताईंना.

हे सगळं ज्या वेळी झालं, तीच वेळ वाईट होती. निर्मलाताई नवऱ्याला किडनी देणार होत्या. रक्तगट जुळला होता, त्यांच्या तपासण्या होत आल्या होत्या. दर खेपेला त्या मला विचारायच्या, "एका किडनीवर दळन दळता येते ना वं?" आणि मी म्हणायचे, "गिरणी टाकली तरी चालेल." मग मनोहरभाऊंच्या तपासण्या सुरू झाल्या. सोनोग्राफीत दिसलं की लिव्हर मोठं झालं आहे आणि पोटात पाणी साचलं आहे. सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मी फाइल घेऊन आत गेले होते, तिथेच थांबले.

"मनोहरभाऊ, लिव्हर असं असेल तर नवीन किडनी बसवता येणार नाही. ऑपरेशन झेपणार नाही," सर म्हणाले. "काविळीच्या तपासण्या आपण इथे नेहमी करतो, त्या चांगल्या आहेत. आता मला खरं सांगा. किती वर्षं पिता?"

"पानी?"

"दारू."

मनोहरभाऊंचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. अगदी हळू. "सर, मी नाही पेत."

"मी पोलीस नाही हो. उपचारासाठी विचारतोय."

"नाही पेत म्हनलं ना."

निर्मलाताई जमिनीकडे बघत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी सगळ्या युनिटसमोर, विमलकाकूंसमोर, सफाईच्या मावशींसमोर, नवऱ्याला सांगितलं, "पान्याचं झूठ बोलले, चाललं. हे नाही चालनार. माही किडनी मी दारूड्याले देनार नाही."

 

मी बोलले. माझा स्वभावच तसा आहे. "ताई, पुरावा काय? पोट पुढे आलं म्हणून माणूस दारूडा?"

"मंग हे पोट काहून आलं? तू सांग. तू शिकली ना."

 मग एक ठरलं. रामदासपेठेत लिव्हरच्या एक डॉक्टर बसतात, सरांनी त्यांच्याकडे चिठ्ठी दिली होती. निर्मलाताई म्हणाल्या, "तू चल. तुह्यासमोर थो खोटं नाही बोलनार." मनोहरभाऊ म्हणाले, "तू चलच. साक्षीले."

त्या दिवशी दुपारी त्यांचं डायलिसिस होतं, म्हणून आम्ही सकाळीच गेलो. निर्मलाताईंची कापडी पिशवी सोबतच. डॉक्टर मॅडमनी पोट तपासलं आणि दारूबद्दल एक अक्षर न काढता विचारलं, "सकाळपासून रात्रीपर्यंत पोटात काय काय जातं, सांगा." मनोहरभाऊंनी सगळं सांगितलं. भाकरी, भाजी, गोळ्या. कुठला काढा? नाही. कुठला जडीबुटीवाला? नाही. तंबाखू? सुटला.

"हे तोंडातून झालं. शिरेतून काय जातं?"

"शिरेतून?" मनोहरभाऊ जरा खुलले. आवडीचा विषय निघाला होता. "ते हाय ना आमची ताकदीची बाटली. अवं मॅडम, काय बाटली हाय! मानूस मेला असन तरी उठून बसन. या पोरीले विचारा."

"बघू कुठली?"

निर्मलाताईंनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. "हे पाहा. आज दुपारी लावाची हाय."

मॅडमनी बाटली फिरवून बघितली. मग माझ्याकडे पाहिलं. "कधी कधी देता?"

"दर खेपेला," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"वर्ष उलटून गेलं."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "ही आज लावू नका. उद्याही नाही. मी तुमच्या सरांशी बोलते." आणि आमच्यासमोरच फोन लावला.

नक्की करण्यासाठी लिव्हरचा तुकडा तपासावा लागला. पोटात पाणी असताना पोटातून सुई घालणं धोक्याचं, म्हणून मानेच्या शिरेतून नळी घालून तो काढतात. रिपोर्ट आल्यावर आम्ही परत तिघं गेलो. मॅडमनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. स्टार्चचे लहान कण किडनी बाहेर टाकते. मोठे कण शरीर हळूहळू तोडतं, मग तेही किडनीवाटेच जातात. ज्याची किडनीच बंद आहे त्याच्यात हा माल जाणार कुठे? आमच्या मशीनच्या गाळणीतून तो जात नाही, कण मोठे आहेत. मग शरीरातल्या झाडूवाल्या पेशी तो गिळून घेतात, आणि त्या सगळ्यात जास्त लिव्हरमध्ये असतात. गिळून गिळून फुगतात. लिव्हर मोठं होतं, त्यातून रक्त नीट पुढे जात नाही आणि पोटात पाणी पाझरायला लागतं. काही माल कातडीत बसतो, त्याची खाज. मनोहरभाऊंच्या लिव्हरमधल्या पेशी अशाच गच्च भरलेल्या दिसल्या होत्या.

"मंग हे पेत नव्हते?" निर्मलाताईंनी विचारलं.

"नाही."

"एक थेंब पन?"

"दारूचा नाही. ह्यांनी ही बाटली प्यायली, शिरेतून. आणि ती दवाखान्यानं पाजली."

 मनोहरभाऊ म्हणाले, "मॅडम, हे मले कागदावर लिहून द्या. मोठ्या अक्षरात. कळमन्याच्या गेटवर लावतो."

परत येताना ऑटोत मला काट्याचं कोडं उलगडलं आणि मी मोठ्यानं "अरे देवा" म्हटलं, तर ऑटोवाल्यानं ब्रेक मारला. त्यांचं वजन खरंच वाढत होतं. पण ते पाणी रक्तात नव्हतं, पोटाच्या पोकळीत होतं. आणि मशीन तर फक्त रक्तातून ओढतं. अंगणात साचलेलं पाणी काढायचं म्हणून आम्ही घरातली टाकी उपसत होतो. टाकी कोरडी पडली की रक्तदाब पडायचा. मग आम्ही बाटली लावायचो. बाटलीनं पोटात अजून पाणी, पुढच्या खेपेला काट्यावर अजून वजन, अजून उपसा, अजून बाटली. आणि या सगळ्या काळात तो माणूस ओरडून सांगत होता, मी पाणी नाही पेलो.

सर दुसऱ्या दिवशी युनिटमध्ये आले. केबिनमध्ये बोलावलं नाही, बेडजवळ येऊन उभे राहिले. सगळे ऐकत होते.

"मनोहरभाऊ, चूक आमची आहे. बाटली बंद करायला हवी होती, ती चालू राहिली. आणि मी तुम्हाला दारूचं विचारलं, तेही चुकलं."

मनोहरभाऊ म्हणाले, "सर, काट्यात गडबड निंगाली का आमी माल परत मोजून देतो. तुमी का मोजून देनार?"

 मी सरांच्या बाजूनं एक सांगते. कितीतरी डॉक्टर असं कधीच बोलत नाहीत, आणि बोलले तरी दार लावून.

बाटली बंद झाली. मग तिच्याशिवाय रक्तदाब कसा सांभाळायचा? होतं की सगळं. कोरडं वजन वाढवून धरलं. हळू ओढायचं, जास्त वेळ ओढायचं. मशीनच्या गाळणीभोवती फिरणारं पाणी जरा गार ठेवायचं. सकाळची रक्तदाबाची गोळी डायलिसिसच्या दिवशी सरांना विचारून मागे टाकायची. मशीनवर असताना समोसा बंद, कारण खाल्लं की रक्त पोटाकडे पळतं. यातलं काहीही नवीन नव्हतं. यासाठी फक्त एका माणसाला पेशंटजवळ जास्त वेळ थांबावं लागतं. बाटलीला थांबावं लागत नाही, म्हणून बाटली सगळ्यांना आवडते. पेशंटांनाही. मनोहरभाऊ पहिल्या दिवशी रिकाम्या स्टँडकडे बघत म्हणाले, "चहा सुटल्यासारखं वाटून राहिलं, पोरी." आणि विमलकाकूंना काळजी, "आमचं पन काही काढनार का?"

मी एक पत्रक लिहिलं. साध्या मराठीत, पानभर. किडनी बंद असलेल्या माणसाला ही बाटली का नको, आणि नातेवाइकांनी काय विचारावं. युनिटच्या दारावर चिकटवलं. संध्याकाळी व्यवस्थापनाच्या माणसानं काढलं. म्हणाला, "पेशंट घाबरतात, मॅडम."

"घाबरू द्या ना. घाबरलेला माणूस विचारतो तरी."

"तुम्ही टेक्निशियन आहात."

"म्हणूनच लावलं. सुई माझ्या हातात असते."

दुसऱ्या दिवशी परत चिकटवलं, परत काढलं. तिसऱ्यांदा सरांनी खाली सही केली. ते राहिलं. पिवळं पडलंय, पण आहे. नाहीतरी हा इशारा मी शोधून काढलेला नाही. किडनी बंद असलेल्यांना, डायलिसिसवाल्यांना देऊ नये, हे बाटलीसोबतच्या कागदावर छापलेलं असतं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. तो कागद खोक्यासोबत कचऱ्यात जातो.

आता किडनीचं. निर्मलाताई रिपोर्टनंतर तिसऱ्या दिवशीच तयार झाल्या होत्या. अडून बसले मनोहरभाऊ.

"ज्या बाईले माह्यावर इस्वास नाही, तिची किडनी मले नोको."

निर्मलाताई मला म्हणाल्या, "याले समजाव वं." मी समजावलं. सरांनी समजावलं. शेवटी विमलकाकूंनी मशीनवरून शिट्टीच्या आवाजात सुनावलं, "अगा मनोहर, किडनी हाय ते. रुसून परत कराले साडी नाही!" युनिट हसलं, मनोहरभाऊ हसले, आणि विषय मिटला.

पण लिव्हरला रुसवेफुगवे कळत नाहीत. ते आपल्या वेळेनं बरं होतं. पेशींनी गिळलेला माल महिनोन्‌महिने निघत राहतो. पोट हळूहळू उतरलं. खाज कमी झाली. मॅडम दर तपासणीला म्हणायच्या, सुधारतंय, पण थांबू या. वर्षभरापेक्षा जास्त थांबल्यावर त्या म्हणाल्या, आता हरकत नाही. मनोहरभाऊंनी युनिटमध्ये सगळ्यांना पेढे वाटले, जे आमच्या कुठल्याच पेशंटनं खायचे नसतात आणि जे सगळ्यांनी खाल्ले.

इतका वेळ गेल्यामुळे निर्मलाताईंच्या तपासण्या नव्यानं कराव्या लागल्या. साखर निघाली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तपासली. मधुमेहच. वर्षापूर्वी नव्हता, आता होता. सरांनी सांगितलं, आता यांची किडनी घेता येणार नाही. पुढे यांच्याच किडनीला धोका आहे.

त्या दिवशी त्या दोघांना बोलताना मी ऐकलं. मी मनोहरभाऊंच्या सुया काढून त्यांचा हात दाबून धरला होता, तिथून हलता येत नव्हतं.

"मी तवा तसं बोलली नसती..." निर्मलाताई म्हणाल्या.

"तुह्या बोलन्यात नाही गेली वं. बाटलीत गेली."

"आता?"

"आता का? तुही तुलेच ठेव. लय दिवस वापर." मग माझ्याकडे वळून, "दाब कमी कर, पोरी. हात तोडतं का?"

मनोहरभाऊ अजून येतात. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी त्यांचं नाव लागलेलं आहे, फोनची वाट बघतात. आवाज तसाच आहे. काट्यावर चढले की स्वतःचं वजन स्वतःच पुकारतात आणि आम्ही ते मान्य करतो. बरं चाललंय. पण एक चांगली, जुळलेली, हसत हसत देऊ केलेली किडनी होती, आणि ती कुणाच्याही दुष्टपणामुळे गेली नाही. ती गेली कारण एक चालू केलेली गोष्ट बंद कुणी करायची, हे ठरलेलं नव्हतं.

म्हणून आता तुमच्याकडे एक काम आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे अमुक घेऊ नका असं सांगणार नाही. पण तुमच्या घरात, गल्लीत, ऑफिसात कुणीतरी डायलिसिसवर असेलच. आज त्यांना फोन करा. विचारा, मशीनवर रक्तदाब पडला की तुम्हाला काय लावतात? बाटली घरी असेल तर तिच्यावरचं नाव वाचून दाखवायला सांगा. हायड्रॉक्सिएथिल स्टार्च असं काही ऐकू आलं, तर पुढच्या खेपेला सुई टोचायच्या आधी त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारायचं: साहेब, माझी किडनी बंद आहे, मग हे माझ्या अंगातून बाहेर कुठून जाणार? तिथला कुणी चिडेल. आमच्यापैकीच कुणीतरी म्हणेल, "रुटीन आहे ते." तेव्हा तुम्ही सोबत जा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.